शेलार सरांचं चुकलेलं पान

शेलार सरांसमोर 'सोपं आहे' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हणालंच, तर ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कुणाला?" बस, तेवढंच. पण ते अशा काही स्वरात विचारायचे, की समोरचा पुढचं वाक्य विसरायचा. हा प्रश्न त्यांनी ग्रामसेवकाला विचारला होता, बँकेतल्या साहेबाला विचारला होता, आणि एकदा शिरूरच्या एका कॉलेजात, गळ्यात हार असताना, आपल्याच सत्काराच्या सूत्रसंचालकाला विचारला होता. तो बिचारा "सर अवघड विषय सोपा करून सांगतात" एवढंच म्हणाला होता. पुढचा सगळा कार्यक्रम त्यानं कागदातून डोकं वर न काढता उरकला.

सर मूळचे वडगाव रासाईचे. शिरूरला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. निवृत्तीची वाट न बघता नोकरी सोडली आणि भीमेकाठच्या मळ्यात येऊन राहिले. मळा त्यांची पत्नी, आमच्या काकू, बघायच्या. सर बघायचे डॉक्युमेंटेशन. ते म्हणजे काय, हे समजावून सांगण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत, म्हणून मीच सांगते. वेबसाईट बांधायला एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आमचा फ्रेमवर्क कुणाच्या मालकीचा नव्हता; देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून तो सांभाळायची. पण सांगाडा देऊन भागत नाही. तो उभा कसा करायचा हे पायरीपायरीनं लिहावं लागतं, आणि सांगाड्यात काही बदललं की लिहिलेलंही बदलावं लागतं. ती पानं लिहायची, जुनी झालेली दुरुस्त करायची, आणि लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या घ्यायच्या की परत पाठवायच्या ते ठरवायचं, हे सरांचं काम होतं.

माझी दुरुस्ती त्यांनी परत पाठवली, आणि तिथून आमची ओळख झाली. मी तेव्हा पुण्यातल्या कंपनीचं काम भांडगावच्या घरून करत होते. त्या पानांत मला एक चूक दिसली, ती नीट करून मी मोठ्या उत्साहानं पाठवली. उत्तर आलं ते इंग्रजीत आणि एका ओळीत : हे तुम्ही स्वतः करून पाहिलंत का? खाली नाव, बी. शेलार. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं याच कामात काढलेल्या बाईला हा कोण विचारणारा? आडनावावरून आपल्याच भागातला असणार असं वाटलं म्हणून चौकशी केली, तर माणूस नदीच्या पलीकडेच निघाला. चौफुल्याहून आत वळून, केडगाव मागं टाकून, भीमेचा पूल ओलांडून मी स्कूटीवर तरातरा त्यांच्या मळ्यात जाऊन उभी राहिले.

ओट्यावर लवंग चघळत बसलेल्या माणसानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत हाक मारली. "अगं, च्या टाक. भांडाय आल्यात." मग मला म्हणाले, "बसा. दुरुस्ती तुमची हाय, तर तुम्हीच करून दावा. मोठ्यानं वाचायचं आन् लिहिलंय तेवढंच करायचं. पदरचं काय घालायचं न्हाई."

समोर एक कोरा लॅपटॉप ठेवला. मी वाचत गेले, करत गेले, आणि स्वतःच लिहिलेल्या मजकुरात अडकून बसले. मला सवयीची असलेली एक पायरी मी लिहिलीच नव्हती. मागं वळून पाहिलं, तर सर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले, आणि झालेला आनंद लपवायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हते.

"हात असे का धरलेत?" मी चिडून विचारलं.

"न्हाईतर मदतीला जात्यात," ते म्हणाले. "वाचणारा अडला तर त्याचं चुकत न्हाई, पानाचं चुकतं. कुठं चुकतंय ते बघायचं, तर गप बसाय लागतं."

ही त्यांची रीत. नवं पान लिहिलं, की कुणाला तरी समोर बसवायचं, मोठ्यानं वाचत करायला लावायचं आणि आपण हात दाबून मागं बसायचं. तो माणूस न अडता शेवटापर्यंत पोचला तरच पान पुढं जायचं. कॉलेजातले नवे मास्तर, खताच्या दुकानाचा बी.एस्सी. झालेला मालक, सुट्टीला आलेले भाचेजावई, ज्याला म्हणून इंग्रजी वाचता येई तो त्यांच्या तावडीतून सुटत नसे. भाचेजावई पुढं दिवाळीला यायचेच बंद झाले, असं काकू सांगायच्या. परदेशातून कुणी अर्धवट दुरुस्ती पाठवली, की सर "येडं हाय का हे? आरं, करून तरी बघायचं" असं पुटपुटायचे, आणि त्याच वेळी बोटं मात्र इंग्रजीत त्याचे मनापासून आभार मानत असायची. मला ते बघायला फार आवडायचं. हळूहळू मीही त्या पानांवर काम करायला लागले, आणि 'अहो शेलार'चं 'सर' कधी झालं आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. "ये. फोनवर बोलत न्हाई," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

काकू दारातच उभ्या होत्या. "सकाळधरनं अन्नाला शिवले न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "बघ बाई, तुला तरी सांगत्यात का." आत सर लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांचे हात मोकळेच होते, आणि काय करावं हे त्या हातांना कळत नव्हतं.

झालं होतं ते असं. कुठल्याशा देशातल्या एका कॉलेजकन्येनं फ्रेमवर्क सांभाळणाऱ्या आमच्या गटाला खाजगीत कळवलं होतं. संस्थेच्या सभासदानं साईटवर शिरून आपले कागद कसे बघायचे, याचं एक पान आमच्याकडे होतं, आणि त्यातल्या नमुन्यात एक तपासणी राहून गेली होती. कागद उघडला की वरच्या पत्त्यात त्याचा नंबर दिसायचा. तो नंबर बदलला, की दुसऱ्याच माणसाचा कागद उघडायचा. ज्यानं ज्यानं तो नमुना जसाच्या तसा उचलला, त्याच्या साईटला हे भगदाड पडलेलं होतं.

"पान कुणाचं आहे?" मी विचारलं.

"माझं. पहिल्यापास्नं माझंच."

त्यांनी गावातल्या उपसा सिंचन संस्थेची साईट उघडली; सभासदांची पाणीमागणी, कागदपत्रं सगळं तिच्यावरच व्हायचं. तळेगाव ढमढेऱ्याचा संदीप, सरांचाच विद्यार्थी, त्यानं ती बांधली होती आणि अर्थातच सरांच्या पानांवरून बांधली होती. सर स्वतःच्या नावानं आत गेले. त्यांचं पासबुक दिसलं. त्यांनी वरचा एक आकडा बदलला, आणि संस्थेचे चेअरमन बाळासाहेब, सरांचे चुलतभाऊ, त्यांचं आधार कार्ड फोटोसकट समोर आलं. सरांनी झटकन लॅपटॉप मिटला. "बघू नको," ते म्हणाले. मी आधीच बघितलं होतं.

"म्या एवढी माणसं बसवली त्या पानावर," ते म्हणाले. "कुणी अडलं न्हाई. समदी सरळ वाचणारी. चोर कवा बसवलाच न्हाई."

मला खरी भीती वाटली ती यानंतर. आमच्या गटानं ठरवलं होतं, की दुरुस्त पान आणि फ्रेमवर्कची नवी आवृत्ती एकाच दिवशी बाहेर काढायची, आणि तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. कारण उघड होतं. काय चुकलंय हे बाहेर गेलं, की जगभरातल्या उघड्या साईटींवर काय करून बघायचं हे चोरांनाही कळणार. सरांनी त्याला होकार दिला होता, शब्द दिला होता. आणि इकडे त्यांच्याच गावातल्या सगळ्या बागायतदारांचे उतारे, आधार, पासबुकं त्या साईटवर उघडी पडली होती. त्या कागदांवर कुणी कुणाच्या नावानं काय करील, याचा नेम नव्हता.

"निदान संदीपला तरी सांगा," मी म्हटलं. "चांगला मुलगा आहे तो."

"चांगला हाय म्हणूनच न्हाई सांगायचं. चांगली माणसं लगीच फोन करत्यात."

ते खरं होतं. संदीपनं पतसंस्थांच्या, शाळांच्या, कुणाकुणाच्या साईटी बांधल्या होत्या. त्यानं एकूणएक लोकांना सावध केलं असतं आणि त्यांनी आणखी दहाजणांना. तरी मी चिडले. गावापेक्षा लांबच्या माणसांना दिलेला शब्द मोठा झाला का, असं बोलून गेले. सर उठले. पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, बाळासाहेबाकडं जाऊ."

संस्थेच्या ऑफिसात बाळासाहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी बसायच्या आधीच विषय काढला.

"बाळासाहेब, साईट थोडं दिस बंद ठिवा."

"का?"

"त्ये सांगता येत न्हाई."

"भानुदास, निवडणूक तोंडाव आलीया. साईट म्हंजी आमच्या कामाचा पुरावा हाय. आन् तू म्हनतो, बंद करा. कुनी पाठवलं तुला?"

"कुनी न्हाई पाठवलं."

"मंग कारण सांग की!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. कारण त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. बाळासाहेबांचा चेहरा बघता बघता दगडासारखा झाला. "बरं. समजलं," ते म्हणाले आणि समोरचे कागद चाळायला लागले.

सर विरोधी पॅनेलला जाऊन मिळाले, ही बातमी आम्ही मळ्यात पोचायच्या आत गावात पोचली. तिच्या मागोमाग विरोधी पॅनेलचे एक आप्पा गोड चेहरा करून आले. "सर, तुमी नुस्तं म्हना, साईटीत घोटाळा हाय. बाकीचं आमी बघून घेतो." घोटाळा नाही, असं सर म्हणाले. "मंग बंद कशापायी करायची?" सरांनी चहाचा कप पुढं केला. चहा न घेताच आप्पा उठले, आणि आता दोन्हीकडची माणसं त्यांच्यावर डूख धरून बसली.

ते दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की सर दचकायचे. शेजारच्या मळ्यातले एकजण सांगत आले, की बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला, खात्याची सगळी माहिती विचारत होता. सरांनी भिंतीला हात टेकला. "तुमचं नाव, खातं त्याला ठावं हुतं का?" त्यांनी विचारलं. "न्हाई बा, मलाच इचारत हुता. म्या शिव्या घातल्या." म्हणजे सगळ्यांना येतो तसलाच फोन होता. 

संस्थेची सभा देवळाच्या सभामंडपात होती. मी काकूंबरोबर मागं बसले होते. अहवाल वाचून झाला, तसे सर उठले. "साईटविषयी बोलायचंय," म्हणताच पुढच्या रांगेत चुळबूळ झाली.

"ही साईट संदीपनं बांधली. ज्या पानांवरनं बांधली, ती पानं म्या लिहिल्यात. त्यातल्या एकात माझी चूक झालीया. संदीपची न्हाई, बाळासाहेबाची न्हाई, माझी. काय चूक, ते आज सांगणार न्हाई. पर साईट बंद करा."

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी सर, तुमचंबी चुकतंय व्हय? आमच्या पोराला एका मार्कानं नापास केलं, ते?"

"ते बरोबर हुतं," सर म्हणाले.

मंडप हसला. सर हसले नाहीत. संदीप एका खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. "सर," त्यानं विचारलं, "कोनतं पान?"

 एक शब्द पुरेसा होता. संदीपला पानाचं नाव कळलं असतं, तर भगदाड त्यानं स्वतःच शोधलं असतं. सर त्याच्याकडे बघत राहिले. त्या पोराला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. "न्हाई सांगत, संदीप," ते म्हणाले. लोकांचा संयम सुटला. नाटकं आहेत, निवडणुकीचा डाव आहे, मास्तर म्हातारे झाले, ज्याला जे सुचेल ते तो बोलायला लागला. बाळासाहेब उभे राहून म्हणाले, "कारण न्हाई तर बंद न्हाई. बसा खाली."

सर बसले नाहीत. "मंग माझं एकट्याचं तरी ऐका. मी सभासद हाय. माझं कागद साईटीवरनं काढून टाका. आत्ताच. ते तर माझ्या हातात हाय ना?"

आता बाळासाहेबांना नाही म्हणता येईना. संदीपनं लॅपटॉप उघडला. एवढ्यात माझ्या शेजारून काकू उठल्या. त्यांच्या नावावर विहिरीचा तुकडा होता. "माझंबी काढा," त्या म्हणाल्या. मग खताचा दुकानदार उठला, "माझंबी." भाचेजावयांनंतर सरांच्या रीतीला सगळ्यात जास्त वैतागलेला तोच होता. मग ज्यांना काहीच कळलं नव्हतं, तेही उठायला लागले; मास्तर स्वतःचे कागद काढून घेतायत, म्हणजे आपले तिथं ठेवण्यात शहाणपण नाही, एवढं त्यांना कळलं होतं. बाळासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "करा रं बंद! समदीच करा!" संदीपनं तिथल्या तिथं साईट बंद केली. सर खाली बसले, तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला रडू आलं, आणि ते काकूंनी पाहिलं.

ठरल्या दिवशी दुरुस्त पान बाहेर पडलं, पण त्याआधी सरांनी आमच्या गटाशी एक भांडण केलंच. गटानं टीप लिहिली होती, की हे उदाहरण आता सुधारलं आहे. सर कॉलवर अडून बसले. "सुधारलं न्हाई. चुकलं हुतं. तसं लिहा, न्हाईतर वाचणारा आपली साईट तपासणार कशाला?" हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं, पण सूर वडगावचाच होता. शेवटी तसंच लिहिलं गेलं. संदीपला पहिला फोन सरांनीच केला. संदीपनं सगळ्या साईटी दुरुस्त केल्या आणि मग बरेच दिवस तो सरांशी बोलला नाही.

मी म्हटलं, "आता तरी गावाला सांगा. तुम्ही नसतात तर सगळ्यांचे कागद उघडेच राहिले असते."

"काय सांगू? आग म्या लावली आन् म्याच इझवली. त्याचा बी सत्कार घ्यू?"

रीत मात्र त्यांनी बदलली. पान सरळ वाचून झालं, की आता ते त्याच माणसाला परत बसवायचे आणि म्हणायचे, "आता चोर हो." मी त्यांच्यासमोर कितीतरी वेळा चोर झाले. जमलं नाही की ते मनापासून नाराज व्हायचे.

पुढं मला बंगळूरला जावं लागलं. जायच्या आधी निरोप घ्यायला मळ्यात गेले, तर काकू म्हणाल्या, ते संस्थेत गेलेत; मग मी तिकडेच गेले. पुढं सर वारले तेव्हा मी लांब होते, येऊ शकले नाही. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन ते त्या दिवशीचंच. संस्थेची साईट पुन्हा सुरू झालीच नव्हती. संदीपनं ती नीट करून दिली होती, पण "नगं आता ती कटकट" म्हणून बाळासाहेबांनी विषय संपवला होता. त्यामुळं पाणीमागणीच्या वेळी सगळे सभासद पूर्वीसारखेच कागदांच्या झेरॉक्स घेऊन ऑफिसबाहेर उन्हात उभे होते. सरही उभे होते, रांगेच्या मध्यावर, हातात आपला उतारा.

त्यांच्या पुढं शेजारच्या वाडीतली एक म्हातारी होती. तिनं कागद पिशवीतून काढले, परत घातले, परत काढले, आणि वैतागून सरांनाच सांगायला लागली. "कुनी येक मास्तर हाय म्हनं. त्यानं कायतरी चूक केली आन् समदं कम्पुटर बंद पडलं. त्याच्यापायी हे हेलपाटं बघ, बाबा. आदी नातू घरनंच करायचा."

आजूबाजूच्या लोकांनी तोंडं फिरवून हसू दाबलं. मला राहवलं नाही. मी पुढं झाले, तोंड उघडलं, आणि सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी होते तिथंच थांबले.

"व्हय मावशी," ते म्हणाले. "त्याचंच चुकलं."

त्यांनी तिच्या हातातले कागद घेतले, एकेक करून पाहिले. "उताऱ्याची झेरॉक्स न्हाई ह्यात. परत पाठवत्याल तुम्हाला. थांबा हितंच." आणि रांगेतली आपली जागा सोडून, तिचा उतारा हातात धरून, ते रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे चालू लागले. रांग पुढं सरकली.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "कुनाचा गं ह्यो? लई भला मानूस दिसतोय."

माहीत नाही, असं मी सांगितलं.